न उठवता उचलायचं

अपग्रेडच्या आधीचा अख्खा आठवडा मला धड झोप नव्हती. डोळा लागला की एकच स्वप्न. आमच्या टॉवेलच्या कारखान्यात लेबलचा प्रिंटर मध्येच थांबलाय, कंटेनर दारात उभा आहे आणि सगळे माझ्याकडे बघतायत. मग उठायचं, पाणी प्यायचं, शेजारी झोपलेल्या लेकीचा, चिनूचा श्वास नीट चाललाय ना बघायचं (तो नीटच चाललेला असायचा!) आणि पुन्हा छताकडे बघत पडायचं.

ती काळजी आता आठवून आठवावी लागते. किस्से मात्र न बोलावता येतात. आमच्याकडे किस्से गोळा करावे लागतच नाहीत. कारखान्यातल्या कापसाच्या धुळीसारखे ते आपोआप साचतात, कुठंही बोट फिरवा, एखादा चिकटतोच.

आधी थोडं समजावते. चिंचोळी एमआयडीसीत आमचा कारखाना. तिथल्या काचेच्या केबिनमध्ये दोन मोठे सर्व्हर. त्यांच्या पोटात बरेच कॉम्प्युटर राहतात, दिसत नाहीत पण असतात, बिल्डिंगीतल्या भाडेकरूंसारखे. एक हजेरीचा, एक अकाउंट्सचा, एक लेबलचा. या सगळ्यांना सांभाळणारं जे सॉफ्टवेअर, त्याचं नवीन व्हर्जन आलं होतं आणि जुन्याला आता कुणी वाली उरणार नव्हता. आधीचे इंजिनिअर साहेब नोकरी सोडून पुण्याला गेलेले. उरले मी. आणि मीटिंगमध्ये माझ्याच तोंडून निघून गेलं, "काही बंद करावं लागणार नाही. कुणाला कळणारसुद्धा नाही!"

असं ठामपणे मी एरवी भाजीत मीठ पुरेसं आहे हेसुद्धा सांगत नाही.

* * *

स्टोअर सांभाळतात बिराजदार मामा. मूळचे अक्कलकोटचे. कारखान्यात येणारी सुईसुद्धा त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय आत जात नाही. नव्या सॉफ्टवेअरचं बिल आलं आणि मामा माझ्या टेबलापाशी हजर.

"मॅडम, बिल आलंय. माल कुठाय?"

"मामा, याला माल नसतो. सॉफ्टवेअर आहे. डाउनलोड केलंय."

"खोकं तरी आलं असंल की!"

"खोकंही नाही."

मामांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू माल मीच घरी नेलाय. शेवटी ज्या पेनड्राइव्हवर ते व्हर्जन घेतलं होतं तो मी त्यांच्या हातात ठेवला. मामांनी तो तळहातावर दोनदा उडवून वजनाचा अंदाज घेतला. "एवढंसंच?" म्हणाले, त्यावर स्टिकर चिकटवला आणि लोखंडी कपाटात ठेवून कुलूप घातलं.

मला कौतुकच वाटलं. माझ्याकडे राहिला असता तर पर्समध्ये चिनूच्या बिस्किटांच्या चुऱ्यात पडला असता.

* * *

नवीन काही आलं की आमचे मोठे मालक स्वतः नारळ फोडतात. वय झालंय, कारभार मुलाकडे दिलाय, पण नारळ नाही दिला! नवा लूम असो, नवी रिक्षा असो, नारळ त्यांच्याच हातचा. तसे ते आले, पांढरं धोतर, हातात नारळ, केबिनच्या दारात उभे.

"कुठंय नवीन?"

"आतमध्ये आहे, मालक."

त्यांनी काचेतून वाकून बघितलं. "हे तर जुनेच डबे हायत!"

"डबे जुनेच. आतलं बदलणार आहे."

"मग नारळ कशावर फोडू?"

नारळाचं पाणी आणि सर्व्हर यांच्यामध्ये मी अक्षरशः हात पसरून उभी होते. मालक विचारात पडले. पुन्हा डब्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"इथं नवीन म्हंजे तूच एक दिसतीस!"

आणि बाहेरच्या पायरीवर, माझ्या नावानं, नारळ फुटला.

* * *

सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीतला पुण्याचा रोहन आम्हाला फोनवर मदत करायचा. वयाने लहान, बोलण्यात सगळं पाठ. त्याने समजावलं, की एका सर्व्हरमधली सगळी मशीन्स चालू असतानाच उचलून दुसऱ्यात नेऊन ठेवायची. पहिला रिकामा झाला की त्याच्यावर नवीन व्हर्जन टाकायचं. मग तसंच उलट.

"पण मॅडम, उचलताना त्या मशीनला कळता कामा नये की आपण हललो."

"अरे, हे तर मी रोज करते!" मी म्हणाले.

खरंच करते. जुळे सोलापूरला आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, माझ्या आईचा त्याच बिल्डिंगीत तळमजल्यावर. नवरा बार्शीला बँकेत, सुट्टीला येतो. मी घरी पोचते तेव्हा चिनू आईच्या दिवाणावर झोपलेली असते. आधी मानेखाली हात, मग गुडघ्यांखाली, मग न थांबता उचलायचं. मध्ये थांबलं की संपलं! दोन जिने चढून पलंगावर ठेवायचं, हात मात्र लगेच काढायचा नाही. चिनूला कळतसुद्धा नाही. तिच्या लेखी ती आजीकडे झोपते आणि आपल्या घरात उठते. मधली मी तिच्या हिशेबातच नाही.

हे शेवटचं वाक्य मी रोहनला सांगितलं नाही. ते मी छताला सांगायचे.

रोहननं फोनवरच पानं चाळली. मग म्हणाला, "मॅडम, मॅन्युअलमध्ये असं नाहीये. पण बरोबर आहे."

डिस्पॅचचा श्रीनिवास लेबलं घ्यायला आला होता, तो दारात उभा राहून सगळं ऐकत होता. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

* * *

अपग्रेडचा शनिवार उजाडला. कंटेनर संध्याकाळी निघणार होता, लेबलं दिवसभर छापायची होती. मी सकाळीच पेनड्राइव्ह घ्यायला स्टोअरमध्ये गेले. कपाटाला कुलूप, मामा रजेवर. पुतण्याचं लग्न!

फोन लावला. मागे बँड.

"मामा, कपाटाची चावी कुठंय?"

"माझ्या कमरंला हाय, मॅडम! मी हळदीत हाय!"

"कुणाबरोबर पाठवता का?"

"स्टोअरची चावी? दुसऱ्याच्या हातात? न्हाय न्हाय, मीच येतो की!"

पुन्हा डाउनलोड करावं म्हटलं, तर आमच्या इंटरनेटला त्याच दिवशी आजारपण. मी केबिनमध्ये येरझारा घालत नखं खाल्ली. चिनूला ज्याबद्दल रोज रागावते ते सगळं केलं. अखेर अक्कलकोटहून मोटारसायकलवर मामा आले. अंगात नवा सदरा, डोक्याला फेटा, दोन्ही गाल पिवळे. कपाट उघडलं, पेनड्राइव्ह माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "वापरून झालं की परत इथंच. मी हाय हितंच."

"मामा, लग्न?"

"त्याला दोन काका हायत. ह्या कपाटाला मी एकटाच!"

त्या पेनड्राइव्हवर अजून हळदीचा अंगठा आहे.

* * *

मशीन्स एकेक करून हलली. हजेरीचं गेलं, अकाउंट्सचं गेलं. लेबलचं मात्र जागचं हलेना! स्क्रीनवर लाल ओळ. रोहन फोनवर वाचून म्हणाला, "मॅडम, त्याला सर्व्हरची सीडी जोडलेली आहे. ती निघेपर्यंत ते हलणार नाही. कसली सीडी आहे?"

मी सर्व्हरचा कप्पा उघडला. दसऱ्याच्या आरत्या!

श्रीनिवासनं डोकं खाजवलं. "ते आधीचे साहेब जोडून दिलेले, मॅडम. डिस्पॅचमध्ये सकाळी वाजवायचो. नंतर स्पीकर बिघडला. पण सीडी कसं काढायचं? देवाचं हाय की."

त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, खिशात ठेवली. मी कनेक्शन तोडलं आणि 'हलवा'वर क्लिक केलं. सगळा घाट याच एका मशीनसाठी होता. हे थांबलं तर माझं "कुणाला कळणारसुद्धा नाही" अख्ख्या कारखान्याला कळणार!

तेवढ्यात श्रीनिवास डिस्पॅचकडे वळून दबक्या आवाजात ओरडला, "ए, गप बसा रे! मॅडम उचलायल्यात!"

आणि सगळं डिस्पॅच गप्प झालं. पॅकिंगच्या बायकांचे हात थांबले. ढकलगाडीवाला गाडीसकट जागच्या जागी उभा. कुणीतरी चपला काढून हातात घेतल्या. फेटा बांधलेले मामा तोंडावर बोट ठेवून दारात. आवाज फक्त प्रिंटरचा. लेबल, लेबल, लेबल.

स्क्रीनवरची पट्टी सरकत सरकत टोकाला गेली. प्रिंटर चालूच.

मागून कुणीतरी कुजबुजलं, "उठलं का?"

मामा तितक्याच हळू म्हणाले, "न्हाय उठलं!"

* * *

सोमवारी मोठे मालक आले. प्रिंटर बघितला, हजेरीच्या मशीनवर बोट लावून बघितलं.

"काय फरक दिसत न्हाय."

"नाही मालक. दिसायला नकोच होता."

"म्हंजे आधी होतं तसंच हाय?"

"हो."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ मायेनं बघितलं. "मग पोरी, एवढी वाळलीस कशापायी?"

* * *

पण त्या शनिवारी संध्याकाळचं राहिलंच. कंटेनर निघाला, मामा लग्नाला गेले, मी घरी. आईनं दार उघडलं.

"झालं का गं तुझं ते?"

"झालं. चालू मशीन उचललं आणि कुणाला कळलंसुद्धा नाही. आपल्या चिनूसारखं."

दिवाणावर चिनू गाढ. मानेखाली हात, गुडघ्यांखाली हात, न थांबता उचललं. पहिला जिना झाला. दुसऱ्याच्या मध्यावर मी रोजच्यासारखी भिंतीला टेकले. खांद्यावरून आवाज आला, डोळे मिटलेलेच.

"आई."

"अगं! जाग आली?"

"मी रोज जागीच असते."

"रोज? मग बोलत का नाहीस?"

"बोलले तर तू चालायला लावशील की."

मी पुढच्या पायरीवर पाऊल टाकलं, तर तिनं डोकं पुन्हा खांद्यावर नीट ठेवलं आणि म्हणाली,

"आणि इथं तू दमतेस ना, तेव्हा मी श्वास धरून ठेवते. म्हणजे मी हलकी होते."