वाटीभर पोट घेऊन पालमला

मी जायचं ठरवलं ते एका पोस्टकार्डामुळे. शांतानं त्यात तीनच ओळी लिहिल्या होत्या. पालमला दोन खोल्या बांधल्या आहेत, रविवारी घरभरणी आहे, जेवायला ये. खाली नुसती सही. अकरा वर्षांनी आलेलं पत्र होतं ते.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या शेवटाची आहे. आज सांगावीशी वाटली, कारण या ब्लॉगच्या एका वाचक ताईंनी विचारलं आहे की वजन कमी करायला पोटाला बँड बसवून घेतलाय, आता घासभर जेवणावर प्रवास कसा करायचा, आणि पाहुण्यांकडच्या आग्रहाचं काय करायचं. ताई, माझं ऑपरेशन वेगळं होतं. अल्सर फुटला म्हणून जठराचा मोठा भाग काढून टाकला होता. पण पुढचं पथ्य बरंचसं तेच. एका वेळी लहान वाटीभर खायचं. एक घास नीट चावून बारीक होईपर्यंत दुसरा उचलायचा नाही. जेवताना पाणी प्यायचं नाही, ते अर्ध्या तासानं. आणि दर दोन-अडीच तासांनी पुन्हा खायचं, भूक असो नसो. मला गोडही वर्ज्य होतं. गोड किंवा पोटभर खाल्लं तर ते थेट आतड्यात उतरतं, मग छाती धडधडते, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. घरी दोनदा झालं होतं, दोन्ही वेळा वाटलं की संपलं सगळं.

सगळ्यात अवघड होतं ते भूक ओळखणं. पोट वाटीएवढं झालं तरी डोळे परातीएवढेच राहतात. ताट पाहिलं की हात पूर्वीच्याच सवयीनं चालायचा, आणि तिसऱ्या-चौथ्या घासाला छातीखाली दगड ठेवल्यासारखं व्हायचं.

शांता आणि मी अध्यापक विद्यालयात दोन वर्षं एका खोलीत राहिलो. एका डब्यात जेवलो. माझ्या लग्नाला ती आली तेव्हा पंगतीत बसलेली होती. माझ्या सासरच्या कुणीतरी तिला तिचं गाव विचारलं, मग आडनाव विचारलं, आणि तिला उठवून मागे गोठ्याजवळ वेगळं पान मांडलं. मी मुंडावळ्या बांधून दहा हातांवर बसले होते. सगळं दिसत होतं. मी काही बोलले नाही. ती न जेवता बस स्टँडवर गेली. पुढच्याच वर्षी विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाड्यात घरं जळाली, तेव्हाही तिचं कसं आहे हे विचारणारं साधं कार्ड मी टाकलं नाही. आमच्या घरी सगळ्यांच्या गळ्यात लिंग, देवघरात समतेची वचनं. पंगतीचे नियम मात्र निराळे होते.

ऑपरेशनला साडेतीन महिने झाले होते. कुठं चाललीस असं सासूबाईंनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, शाळेतल्या एका बाईंकडे घरभरणी आहे. खोटं नव्हतं, खरंही नव्हतं.

परभणीहून सकाळी साडेसातची एस. टी. धरली. फेब्रुवारी होता, खिडकीतून गार वारं येत होतं आणि दोन्ही बाजूंना ज्वारी कणसाला आलेली. माझ्या पिशवीत तीन डब्या होत्या. एकीत मुगाची मऊ खिचडी, दुसरीत उकडलेला बटाटा मीठ लावून, तिसरीत ज्वारीच्या लाह्या. हिशोब साधा होता. साडेनऊला पहिली, बाराला दुसरी, तोवर पालम. तिसरी अडीनडीला. आजही अशा पोटानं निघणाऱ्यांना मी हेच सांगते की जेवढा रस्ता असेल त्याच्या दुप्पट वेळाचं खाणं बरोबर घ्या. त्या दिवशी मी घेतलं नव्हतं.

गोदावरीचा पूल ओलांडून गंगाखेडला पोचलो. तिथल्या स्टँडवर पालमची गाडी तासभर उशिरा लागली. नामांतराचं आंदोलन आहे, जाईल तिथवर जाईल, असं कंडक्टर म्हणाला. माझ्या शेजारी नाकात ठसठशीत नथ घातलेली एक शेतकरी बाई बसली. मी खिचडीचा एकेक घास चावत होते. ती बराच वेळ पाहत राहिली.

"बाई, पाखरासारखं काय टिपायलात?" तिनं विचारलं.

पोटाचं ऑपरेशन झालंय म्हटल्यावर तिनं हळहळ केली. मग कुणाकडं जायलात, असं विचारलं. मैत्रिणीकडं, म्हटलं. मैत्रीण कुणाची, तिचा पुढचा प्रश्न. गाडीतली चार-पाच डोकी वळली. त्या दिवसांत आडनाव म्हणजे कुठल्या बाजूचे हे सांगणारी पाटीच होती. मी म्हटलं, शिक्षिका आहे ती. आणि खिडकीबाहेर पाहायला लागले. पुन्हा तेच केलं, हे मला तेव्हाच कळलं.

निम्मं अंतर गेलं असेल नसेल, गाडी थांबली. पुढे रस्त्यात बाभळीची झाडं तोडून आडवी टाकली होती, एक टायर जळत होता. पंचवीस-तीस माणसं उभी होती. ती कुठल्या बाजूची हे गाडीतल्या कुणी विचारलं नाही. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, बायकांनी लेकरं खिडकीपासून आत ओढली. एकमेकांच्या कपाळाकडे, गळ्याकडे, हातातल्या पिशव्यांकडे नजरा जायच्या आणि खाली वळायच्या.

बारा वाजले, मी बटाटा खाल्ला. दोन वाजता लाह्या काढल्या आणि त्यातल्या अर्ध्या ठेवल्या. शेजारच्या बाईनं भाकरी सोडली, मिरचीच्या ठेच्याचा वास आला. तिनं चतकोर पुढे केली. ठेचा नको म्हणून मी नुसत्या भाकरीचा एक तुकडा घेतला. तो चावताना हात थरथरायला लागलेले मला दिसले. एवढ्याशा खाण्यावर चालणाऱ्या शरीराला जरा उशीर झाला तरी ते आधी हातापायांत दाखवतं.

अडीचच्या सुमारास ड्रायव्हर म्हणाला, गाडी मागं गंगाखेडला जाणार. रस्त्याकडेला एक ट्रॅक्टर शिवारातल्या वाटेनं पालमकडे निघाला होता. माझ्याकडे मूठभर लाह्या होत्या आणि अंगात बळ नव्हतं. परत फिरणं शहाणपणाचं होतं, आणि मला सबबही मिळाली असती. रस्ता बंद होता म्हणून आले नाही, असं कार्ड टाकता आलं असतं. त्या सबबीचीच भीती वाटली. मी ट्रॉलीत चढले. सोबत तिघं जण होते, त्यांतल्या एका म्हाताऱ्यानं पोत्यांवर बसायला जागा दिली. ढेकळांतून ट्रॉली उसळायची तेव्हा टाक्यांच्या जागी दोन्ही हात दाबून धरायची मी.

पालमला पोचले तेव्हा चार वाजून गेले होते. शांताचं घर गावाच्या कडेला होतं. विटांच्या दोन खोल्या, वर पत्रे, चुन्याचा ओला वास. पाहुणे जेवून पांगले होते, तिचे यजमान लांबच्यांना पोचवायला गेले होते. ती दारात उभी होती. केस कानाजवळ पिकलेले. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी वीस किलोनं उतरले होते.

"रस्ता बंद होता म्हणे," ती म्हणाली.

ट्रॅक्टरनं आले, मी म्हटलं. तिनं पाय धुवायला पाणी दिलं.

तिची आई, भागूबाई, ताट घेऊन आली. दोन पुरणपोळ्या, वर तूप, कटाची आमटी, भात, कुरडई. मला सपाटून भूक लागली होती, खरी भूक, आणि समोर नेमकं सगळं न चालणारं. मी सांगितलं की मावशी, माझं पोटाचं ऑपरेशन झालंय, मला नुसता चार घास भात वाढा, गोड चालत नाही.

भागूबाई ताटाकडे पाहत राहिली. आवाज न चढवता म्हणाली, "आमच्या दारात आलं की समद्यांचंच पोट बिगडतंय बाई. कुणाचा उपास निघतो, कुणाला डाक्टर नको म्हणतो. आता न्हाई वाईट वाटत."

शांता भिंतीला टेकून उभी राहिली. माझ्याकडे पाहतसुद्धा नव्हती.

मी पोळीचा तुकडा मोडला. मग दुसरा. अर्धी झाली तिथेच थांबायला हवं होतं, छातीखाली दगड आला होता. मी थांबले नाही. नीट चावलं नाही, वर आमटीचे घोट घेतले. एक पोळी संपवली आणि दुसरी मोडली. मला वाटत होतं, अकरा वर्षांचं आहे, एवढं तरी गिळायला हवं.

दहा मिनिटांत कानात शिट्टी वाजायला लागली. घामानं ब्लाउज भिजला. उठायला गेले आणि ताटावरच कलले. पुढचं तुटक आठवतं. कुणीतरी पदर सोडला, चटईवर आडवं केलं, ओल्या फडक्यानं तोंड पुसलं. पोटात मुरडा आला की मी कण्हायची. छाती इतकी धडधडत होती की दातांत जाणवायची. गावात डॉक्टर होता, पण तो गंगाखेडला गेलेला आणि रस्ता बंद. त्या दोघींपुढे काही इलाज नव्हता. भागूबाई माझी नाडी धरून बसली होती, जणू हात सोडला तर ती थांबेल.

अर्ध्या-पाऊण तासानं धडधड उतरली. डोळे उघडले तेव्हा शांता माझ्या पोटाकडे पाहत होती. छातीच्या हाडापासून बेंबीपर्यंतचा व्रण तेव्हा अजून लालच होता. विझलेल्या चिमणीसारखा चेहरा झाला होता भागूबाईचा. "खरंच हाय गं शांते," ती हळूच म्हणाली.

शांता मात्र चिडली होती.

"मला पटावं म्हणून मरणार होतीस का इथं?" ती म्हणाली. "तू माझ्या घरी जेवलीस की न्हाई, हे मी मोजत नव्हते सुमन. तू त्या दिवशी बोलली न्हाईस. पोळी खाऊन ते फिटतं का?"

नाही, मी म्हटलं. मग तिथेच पडल्या पडल्या सांगितलं की मला सगळं दिसत होतं. मुंडावळ्यांमुळे दिसलं नाही असं इतकी वर्षं मी स्वतःलाच सांगत होते, पण दिसत होतं. मला भीती वाटली आणि मी गप्प बसले. घरं जळाली तेव्हाही गप्प बसले. सकाळी गाडीतसुद्धा तुझं आडनाव मी सांगितलं नाही. तिनं ऐकून घेतलं. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि जा असंही नाही. उठून चूल पेटवायला गेली.

रस्ता दोन दिवस सुरू झाला नाही. त्या दोन दिवसांत मी शांताच्या घरी किती वेळा जेवले असेन सांगता येणार नाही, कारण भागूबाईनं माझं खाणं स्वतःच्या अंगावर घेतलं. पहिल्या रात्री तिनं सगळं विचारून घेतलं. काय चालतं, किती चालतं, पाणी कधी. तिच्याकडे घड्याळ नव्हतं. सावली पाहून ती अचूक यायची. ज्वारीच्या कण्या घातलेली पातळ आंबील, मऊ भात, भाकरीचा पापुद्रा ताकात कुस्करून. समोर बसून पाहायची आणि मी घाई केली की माझं मनगट धरायची. "सावकास. कुणी पळवायलंय का?"

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथं मिळालं. आग्रह करणाऱ्याला नुसतं नको म्हणून थांबू नका. काय चालतं ते मागून घ्या, त्याच्याच चुलीवरचं, आणि दोन तासांनी पुन्हा मागा. पण जीव धोक्यात घालून कुणाचं मन राखू नका. ते राखलंही जात नाही.

तिसऱ्या दिवशी गाड्या सुटल्या. शांता स्टँडवर आली, पिशवीत तीन डब्या भरून दिल्या. पत्र टाकत जा, एवढंच म्हणाली.

घरी पोचले तेव्हा सासूबाई ओसरीवर होत्या. काळजीनं अर्ध्या झाल्या होत्या, हेही खरं. कुठं राहिलीस, काय खाल्लंस, त्यांनी विचारलं. मी शांताचं नाव सांगितलं, आडनावासकट. लग्नात जिला पंगतीतून उठवलं तीच, असंही सांगितलं. त्या मग म्हणाल्या, आंघोळ करून घे आणि मग स्वयंपाकघरात ये. मी म्हटलं, आंघोळ सकाळी तिच्याकडेच केली आहे. आणि आत जाऊन खायला बसले, कारण माझी वेळ झाली होती. आमच्यात महिनाभर धड बोलणं नव्हतं. नवऱ्यानं कुणाचीच बाजू घेतली नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत शांता आमच्याकडे आली. तिची गाडी यायच्या दिवशी सकाळीच सासूबाई मानवतला लेकीकडे निघून गेल्या. आम्ही दोघी स्वयंपाकघरात पाटावर बसलो, मी माझा भात चावत होते, ती भाकरी आणि वांग्याची भाजी खात होती. मध्येच तिनं विचारलं, "सासूबाई दिसत न्हाईत?"

गावाला गेल्या, काम निघालं, असं ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, "तू येणार म्हणून गेल्या."

शांतानं तोंडातला घास सावकाश संपवला, आणि भाकरीची टोपली स्वतःच पुढे ओढून घेतली.