ईरा कितव्या वर्षी आली?

भोपाळ सोडून स्कॉटलंडला निघालो तेव्हा माझी लेक ईरा सहा वर्षांची होती. स्टेशनवर निरोपाला आमची अर्धी इंद्रपुरी कॉलनी लोटली होती. कारखान्यातून नुकतेच निवृत्त झालेले बाबा मला धीर देत होते. "लहान आहे तोवर नेतेयस, उत्तम! लवकर रुजेल. तुला नाही का आम्ही चार वर्षांची अमरावतीहून आणली? आज पक्की भोपाळी आहेस." बदलीवाल्या मराठी घरांचा हा ठाम विश्वास: पोर कोवळं असतानाच हलवावं.

आणि रुजली हो! तिकडे हिवाळ्यात भर दुपारी अंधारायचं, आम्ही नवराबायको कुढत बसायचो आणि ही मजेत. आईबाबांना फोनवर मी काय फुशारक्या मारायचे!

कॉलेजात गेल्यावर तिला एका डोळ्याने अंधुक दिसायला लागलं, मग उजवा पाय बधिर. निदान झालं मल्टिपल स्क्लेरॉसिस. यात शरीरच स्वतःच्या मेंदूतल्या, मणक्यातल्या नसांवरचं आवरण कुरतडतं. आमच्या अख्ख्या खानदानात हे नाव कुणी ऐकलेलं नव्हतं.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "ही इथे कितव्या वर्षी आली?" मला वाटलं, उगाच गप्पा. तर म्हणाल्या, विषुववृत्तापासून लांबच्या, कमी उन्हाच्या देशांत हा आजार जास्त आढळतो. मोठेपणी आलेल्यांना बहुतेक मायदेशाइतकाच कमी धोका राहतो, लहानपणी आलेल्या मुलांना मात्र नव्या जागेचा लागतो. हिच्या बाबतीत तसंच झालं असं कुणी सांगू शकत नाही, हेही म्हणाल्या. पण मी सुन्न झाले होते. आपणच उचलून आणलं की हिला!

आई फोनवर म्हणाली, "इकडे घेऊन ये. आपल्याकडे धूप काय कमी आहे?" मलाही तेच हवं होतं. एप्रिलात गेलो.

रिक्षातून उतरून ईरा फाटकापाशीच थांबली. दिसेना, पाय उचलेना. या आजारात उष्णतेने नसा आणखी मंदावतात, हे वाचलं होतं. डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. बाबांनी तिला धरून आत आणलं, कूलरसमोर बसवलं. आई ओल्या टॉवेलने तिचे पाय पुसत राहिली. हळूहळू तिला दिसायला लागलं.

"आई, घरी जाऊ या ना," ईरा म्हणाली.

मी माझ्या माहेरात उभी होते. बाबा माझ्याकडे बघत होते. मी फोन काढला आणि परतीची तिकिटं शोधायला लागले.