न पुसलेलं लोखंड

वेधशाळेच्या ऑफिसात तिला सगळे ‘भट्टी’ म्हणत. एक तर तिचं डोकं लगेच तापायचं, आणि दुसरं म्हणजे ती ज्या दूरच्या अवाढव्य ग्रहाच्या मागे लागली होती, तो इतका तापलेला की तिथल्या हवेत लोखंडाची वाफ असणार आणि अंधाऱ्या बाजूला लोखंडाचाच पाऊस पडणार, असा तिचा दावा. ग्रह कुणी पाहिलेला नाही. तो ताऱ्यापुढून जातो तेव्हा थोडा प्रकाश त्याच्या हवेतून गाळला जाऊन येतो. त्यातले कुठले रंग गायब झाले, एवढंच हाती लागतं, त्यावरून तिथं काय आहे ते ओळखायचं.

तिचा बाप ओतकामाच्या कारखान्यात वितळलेल्या लोखंडाखाली गेला. चूक त्याचीच, असं मालक छातीठोकपणे म्हणाले. मेलेला माणूस थोडाच भांडायला येतो! त्याचा चामड्याचा एप्रन आईनं दाराआड टांगून ठेवलाय, लोखंडाच्या गोठलेल्या थेंबांसकट. घरभर तिचं फडकं फिरतं, तेवढा एप्रन सोडून.

भट्टीला अखेर लोखंड सापडलं. शोधनिबंध पाठवणार, तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या खडूस बाईनं खोडा घातला. ताऱ्यातही लोखंड असतंच. ते आकडेमोडीनं पुसायचं आणि उरेल ते ग्रहाचं मानायचं. कमी पुसलं तर तारा मागे राहतो, जास्त पुसलं तर ग्रहही जातो.

“तू कुठं थांबलीस ते मला दिसतंय,” खडूस म्हणाली. “का थांबलीस ते सांग.”

भट्टी भडकली. तुला कुणाचं बरं बघवतच नाही, म्हणाली. पण मनात पाल चुकचुकली होती. तिनं वेळेच्या क्रमानं लावलेल्या सगळ्या नोंदी पत्त्यांसारख्या पिसल्या. ग्रह पळत असतो, म्हणजे क्रम मोडला की त्याची खूण विस्कटायलाच हवी. तारा मात्र जागचा हलत नाही, त्याची खूण तशीच राहणार.

लोखंड तिथंच होतं. तसूभरही ढळलं नव्हतं.

आपण का थांबलो, ते तिला तेव्हा कळलं. पुसण्याचा आणखी एक हात फिरवला की ते लोखंड फिकं होत होतं, आणि तिचा हात धजला नव्हता. आता तिनं तो फिरवला. पडदा कोरा झाला.

घरी आईनं विचारलं, पाठवलास का? भट्टी म्हणाली, नाही, ते लोखंड तिथलं नव्हतंच, पुसायचं राहिलेलं होतं.

“मग पुसलंस?”

“पुसलं.”

आईची नजर दाराकडे गेली. “आणि दिसायचं थांबलं?”

भट्टीनंही तिकडं पाहिलं. दाराआड एप्रन लटकत होता, कुणी आत्ताच अंगातून काढून ठेवल्यासारखा.