विमानातली संकष्टी

त्या दिवशी मी गणपतीवर चांगलीच चिडले होते. लेकीच्या बाळंतपणाला वेळेत पोचावं म्हणून सॅन फ्रान्सिस्कोचं तिकीट चांगलं महिनाभर आधीचं काढलं होतं, आणि मुंबईच्या विमानतळावर असतानाच जावयांचा फोन आला. लेकीला एकाएकी रक्तस्राव सुरू झाला होता, आठव्या महिन्यातच ऑपरेशन करावं लागणार होतं. पुढचं विचारेपर्यंत आत जायची घोषणा झाली. साडेतेरा हजार किलोमीटर, सोळा तासांचा प्रवास, आणि तेवढा वेळ फोन बंद. वाईत आमच्या आळीत कुणाचंही बाळंतपण असलं की आधी मला बोलावतात, आणि पोटच्या पोरीच्या वेळी मी पट्टा बांधून नुसती बसणार होते.

संकष्टी होती. मी बाप्पाला मनातच बजावलं, आज चंद्र डोळ्यांनी दिसल्याशिवाय पाण्याचा थेंब घेणार नाही, बघच तू. बोलून बसले आणि मग लक्षात आलं. घरी ढग असले की कॅलेंडरातल्या चंद्रोदयाच्या वेळेवर भागवता येतं. इथे आभाळात कुठल्या गावची वेळ धरायची? त्यात माझी जागा मधली.

खिडकीशी सांगलीकडचे एक जैन शेतकरी काका होते, मुलाकडे निघालेले. सूर्यास्तानंतर ते काही खात नाहीत, म्हणून मुद्दाम खिडकी मागून घेतलेली. पंखावरच्या उन्हाकडे बघत त्यांनी डबा उघडला. पण विमान पूर्वेला निघालेलं, ऊन भलत्याच लवकर सरलं. अर्धी भाकरी तशीच राहिली. मला वाटलं, आता कुरकुरतील. त्यांनी हात जोडले आणि डबा मिटला.

“जेवण अर्धंच राहिलं की,” मी म्हटलं.

“ऱ्हाऊ दे. दिस लवकर गेला, तर रात बी लवकर सरंल. पर तुमी का पानी बी घेत न्हाई, ताई?”

मला रडू फुटलं. लेकीचं, चंद्राचं, सगळं सांगून टाकलं. ते लगेच उठले.

“आवं, मग आधी सांगायचं! माझा सूर्य गेला. आता तुमी बसा हितं, चंद्र बघा.”

खिडकीबाहेर नुसता काळोख होता. घसा कोरडा पडलेला. मी बाप्पाशी भांड भांड भांडले आणि शेवटी तेही त्राण राहिलं नाही. म्हटलं, बाबा रे, ती तुझीच आहे, तू बघ. किती वेळ गेला कुणास ठाऊक. विमान जरासं वळलं आणि तांबूस चंद्र खिडकीत आला. मी हात जोडले, पाणी प्यायले, तिळाचा लाडू खाल्ला. एक काकांना दिला. तो त्यांनी रुमालात बांधून ठेवला आणि उजाडल्यावर सगळ्यात आधी खाल्ला.

उतरल्यावर जावयांना फोन लावला. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. “कधी?” मी विचारलं. मनात खात्री होती, चंद्र दिसला तेव्हाच.

“तुम्ही विमानात चढलात ना आई, त्यानंतर लगेच. कितीदा फोन केला तुम्हाला!”

म्हणजे मी फुरंगटून बसले होते, अटी घालत होते, तेव्हा नातीचं जगात येऊन रडूनही झालं होतं. बाप्पाने द्यायचं ते कधीच दिलं होतं. आणि तहानेने जीव जाऊ नये म्हणून शेजारी काकाही बसवून ठेवले होते. त्यांचं नाव विचारायचं राहिलंच.

संकष्टी अजून करते. पण हल्ली चंद्र ढगात असला, तर तिकडेच हात जोडते आणि जेवायला बसते.