सगळ्यांच्या बाटल्या

भिवंडीतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात आमच्या बुबुळांतल्या विषाणूवर नव्या औषधाची चाचणी चालली होती. निम्म्यांना औषधाचे थेंब, निम्म्यांना नुसतं पाणी. कोणाला काय, हे थोर शास्त्रीय गुपित.

बाकावर माझ्या शेजारी एक लूमवाला बसायचा, भुवयांत कापूस, लाल डोळा सारखा पुसत. एकदा विज्ञानाला साक्षी ठेवून त्याने सगळ्यांच्या बाटल्या एकत्र ओतल्या आणि कटिंग चहासारख्या वाटून पुन्हा भरल्या. "भाई, एकट्याला दिसून काय करायचं हाय?"

महिन्याने आम्ही सगळेच बरे. डॉक्टर हिरमुसले. "दोन्ही गट सारखेच. औषधात दम नाही."

"जाऊ द्या साहेब," त्याने समजूत घातली आणि भिंतीवरच्या तक्त्यातली सगळ्यात बारीक ओळ घडाघडा वाचून दाखवली.