चार मिनिटांचा सण

इथे चीनमध्ये शेजारी राहणाऱ्या लुआनताई आणि मी कोबीचं सारण घालून ज्याओझ करत होतो. करंजीसारखे मुडपून निम्मे झाले तेवढ्यात ताईंनी घड्याळ पाहिलं आणि झाले तेवढेच उकडून डब्यात भरले. आज चिनी वर्षाचा शेवटचा दिवस. त्यांचे यजमान रेल्वेत अटेंडंट. जगाला घरी पोचवता पोचवता सव्वीस वर्षं ते स्वतः या सणाला घरी नाहीत. आमच्या स्टेशनात त्यांची गाडी चार मिनिटं थांबते.

बर्फातून धडपडत पोचलो तर गाडी येऊन उभी! यजमानांनी आधी एका आजीबाईंची बोचकी उतरवली, मग उभ्यानेच एक ज्याओझ तोंडात टाकला.

“मीठ कमी आहे.”

“मग घरी येऊन घाल की, म्हाताऱ्या!” म्हणत ताईंनीही त्याच डब्यातला एक खाल्ला.

शिट्टी झाली. सव्वीस वर्षांत हा एकत्र घास एकदाही चुकलेला नाही. माझा सोमवारचा उपवाससुद्धा इतका अखंड नाही. नकळत माझे हात जोडले गेले.

घरी येऊन ताईंनी सारण चाखलं. “खरंच अळणी आहे गं!”

निम्मे अजून भरायचेत. मी मीठ आणायला निघाले.