क्वार्टरमागची जंभेरी

काटोलच्या बसस्टँडवर कंडक्टरनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मांडीवरच्या संत्र्याच्या कलमाकडे. ओल्या गोणपाटात बांधलेला मातीचा गोळा, वर हातभर काडी आणि सात-आठ पानं.

"याचं हाफ फाडू का फुल?" त्यानं विचारलं. सगळी गाडी हसली. खिडकीबाहेर उभे असलेले बाबा तेवढे हसले नाहीत. ते म्हणाले, "डोळ्याखाली फूट आली का मोडत जाय. इसरू नको."

मी म्हणालो, "हे फळायच्या आंदी वापस येतो मी, बाबा. चार-पाच सालाची तं गोष्ट आहे."

"पाहू," बाबा म्हणाले. "झाड जिथं फळते, तिथचं असते."

गाडी सुटली. या गोष्टीला वीसेक वर्षं झाली.

हे मी गावात राहिलेल्यांसाठी लिहितोय आणि गाव सोडलेल्यांसाठीही. पुण्याला, बंगळुरूला, सातासमुद्रापार गेलेले आमच्या गावचे लोक मला हसतात. म्हणतात, साठ किलोमीटरवर गेलास, त्याला काय गाव सोडणं म्हणायचं? सकाळच्या बसनं निघालं तर जेवायला घरी. खरं आहे. पण लपवायचं असेल तर साठ किलोमीटर पुष्कळ होतात. मी चौदा-पंधरा वर्षं लपवलं. आता सांगून टाकतो.

बाबांची नर्सरी आहे, कलमांची. ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जंभेरी म्हणजे एक आंबट, काटेरी, चिवट लिंबू. तिचं बी पेरून रोप करायचं. रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की सालीला चीर देऊन त्यात गोड संत्र्याचा एक डोळा बसवायचा आणि पट्टीनं बांधायचा. डोळा फुटला की वरचा जंभेरीचा शेंडा छाटून टाकायचा. खाली खुंट आणि मुळं जंभेरीची, वर फळं संत्र्याची. पण जंभेरी गप्प बसत नाही. डोळ्याच्या खालून ती पुन्हा पुन्हा डोकं काढते. ती फूट वेळेवर मोडली नाही तर चार पावसाळ्यांत संत्रं गुदमरून मरतं आणि उरते ती नुसती जंभेरी.

मी विज्ञानाचा मास्तर. कलमाची आकृती मी किती वर्गांना फळ्यावर काढून दिली असेल याचा हिशेब नाही. बाण काढून 'खुंट' आणि 'डोळा' अशी नावंसुद्धा द्यायचो.

आम्ही नागपूरला आलो ते वैशालीच्या, माझ्या बायकोच्या, नोकरीमुळे. सेमिनरी हिल्सच्या उतारावर तिला सरकारी क्वार्टर मिळालं. मला जवळच्या शाळेत जागा मिळाली. क्वार्टरच्या मागे चार खाटा मावतील एवढं अंगण होतं, तिथे कलम लावलं. बाबा पहिल्या दोन वर्षांत दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा चहाच्या आधी मागे गेले, खाली बसले आणि आलेली फूट अंगठ्यानं मोडून मला दाखवली. "अशी." मग पुढच्या बसनं परत. आमच्या क्वार्टरला ते कधी घर म्हणाले नाहीत. फोनवरही विचारायचे, "खोलीवर सगळं ठीक?" तीन खोल्या होत्या, तरी खोलीच.

तिसऱ्या पावसाळ्यात झाड एकदम तरारलं. हिरवंगार, काटेरी, झुपकेदार. मी फोनवर अभिमानानं सांगितलं, "बाबा, झाड मस्त जोरात आहे." बाबा म्हणाले, "फूट मोडतो न?" मी म्हणालो, "हो."

मोडत नव्हतो. पेपर तपासायचे होते, मुलगी लहान होती, वगैरे. ही कारणं मी स्वतःला पुष्कळ वर्षं दिली. खरं कारण वेगळं होतं. मला ते झाड आवडत नव्हतं. मागचं दार उघडलं की ते विचारायचं, कधी निघतोस? आणि मला निघायचं नव्हतं. सकाळी सागाच्या पानांवरून उतरणारं धुकं, कॉलनीतली शांतता, लेकीची शाळा, हे सगळं मला आवडायला लागलं होतं. बदलीचा अर्ज मी एकदाही केला नाही. गावी मात्र सांगत राहिलो, "साहेबाच्या टेबलावर आहे."

सहाव्या वर्षी झाडाला फळ आलं. लांबून पिवळंधमक दिसलं. मी एक तोडून फोड तोंडात टाकली आणि दात आंबून डोळ्यांत पाणी आलं. वैशालीनं चाखलं आणि तोंड वेडंवाकडं करत म्हणाली, "हे तर लिंबू आहे हो!" मग हसायला लागली. मी हसलो नाही. गावी माय फोनची वाट पाहत होती, कारण मीच सांगून बसलो होतो की यंदा फळ धरलंय.

तर मी काय केलं? चौकात एक ठेलेवाला कळमन्याच्या बाजारातून संत्री आणून ढीग लावायचा. त्याच्याकडून निवडून दोन डझन घेतली, थैलीत भरली आणि काटोलची बस पकडली. संत्र्यांच्या गावी विकतची संत्री घेऊन जाणारा माणूस मी एकटाच असेन. "आपल्या झाडाचे आहेत," मी म्हणालो. मायनं चार शेजारणींना वाटली. बाबांनी एक हातात घेतलं, फिरवून पाहिलं, सोललं, साल नाकाशी धरली, एकेक फोड सावकाश खाल्ली. म्हणाले, "बरं आहे."

पुढच्या वर्षी मायनं आधीच विचारलं, "झाडाले किती आले रे औंदा?" मग थैली नेणं भागच पडलं. असं दर डिसेंबरात. दर वर्षी बाबा म्हणायचे, "बरं आहे."

रविवारी मागचं दार उघडायला नको म्हणून मी पुढच्या दारानं बाहेर पडायला लागलो. आमच्या भागातले लोक मला निसर्गप्रेमी म्हणतात. शाळेतली पोरं 'पक्षीवाले सर' म्हणतात. मी निसर्गप्रेमी नव्हतो, एका झाडाला घाबरून बाहेर पळालेला माणूस होतो. पण पाय एकदा पळायला लागले की डोळे रिकामे राहत नाहीत. नागपूर बघायला आलेले पाहुणे बागेत जातात, तलावावर चाट खातात आणि परत जातात. मला त्यामागचं सापडत गेलं. दोन सागांमधली एक फट, जिथून फुटाळा तलावाचं पाणी तळहाताएवढं दिसतं. पाण्याच्या टाकीजवळचा मोहा आणि त्याच्या ढोलीतली पिंगळ्यांची जोडी, दिवसाही दारात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे रागानं बघणारी. खडकातून वर आलेलं एक कांडोळ, ज्याचं खोड हिवाळ्यात पानं गळाली की चुना फासल्यासारखं पांढरं पडतं. नाल्यावरचा जुना दगडी पूल, ज्याच्या कठड्यावर खंड्या बसतो. ही सगळी ठिकाणं मला पाठ झाली. कुठल्या आठवड्यात कोणतं झाड पान टाकतं हे सांगता यायला लागलं. फक्त स्वतःच्या अंगणातलं झाड तेवढं मी टाळत होतो.

मग तीन वर्षांपूर्वी, डिसेंबरातच, मायचा फोन आला. "तुहे बाबा निघाले रे. आयकत नाही म्हनतात. झाड पाह्याले येऊन राहिले."

बाबा तेव्हा अठ्ठ्याहत्तरचे. नागपूरच्या काटोल नाक्यावर उतरले तेव्हा हातात रिकामी थैली आणि खिशात कलमाचा चाकू. मी त्यांना स्कूटरवर मागे बसवलं. क्वार्टर तिथून दहा मिनिटांवर. मी म्हणालो, "बाबा, पहिले आमचा एरिया दाखवतो तुम्हाले."

"दाखव," बाबा म्हणाले.

मी दाखवत सुटलो. संध्याकाळ पडेपर्यंत फिरवायचं, अंधारात पान काय आणि फळ काय, असा माझा विचार. सागांमधल्या फटीतून फुटाळा दाखवला. बाबा वाकून बघत म्हणाले, "पानी आहे." पिंगळे दाखवले. "हे तं आपल्या गोठ्यात बी आहेत. भाडं देत नाहीत." कॉलनीतल्या एक निवृत्त बाई फिरायला निघाल्या होत्या. मला बघून थांबल्या. "हे तुमचे वडील का? अहो, सरांनी आम्हाला आमचीच कॉलनी दाखवली. वीस वर्षं राहून आम्हाला पिंगळे माहीत नव्हते."

बाबा हात जोडून म्हणाले, "दुसऱ्याले दाखवनं सोपं असते, बाई."

कांडोळापाशी मात्र ते थांबले. पांढऱ्या खोडावरून तळहात फिरवला. साल कागदासारखी सुटत होती. "इतक्या जवळून नोतं पाह्यलं कधी," म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "रोज येतो इकडं?"

"रविवारी. कधीमधी रोज."

"हं."

वैशालीचा फोन आला. "किती फिरवताय त्यांना? वरण दोनदा गरम केलं. सांगून टाका ना एकदाचं." मी आवाज कमी केला, पण बाबांचे कान शाबूत आहेत.

दुपारी तीनच्या सुमाराला आम्ही दगडी पुलावर पोचलो. खंड्या नव्हता. बाबा कठड्यावर बसले, चपला काढल्या, पायाची बोटं हलवली. म्हणाले, "मास्तर, पाय दुखून राहिले आता. चाल, दाखव तुही जंभेरी."

मी खिशात किल्ली शोधायला लागलो. किल्ली स्कूटरलाच होती.

"कधी समजलं?" मी विचारलं.

"पयल्याच साली. ते संत्रे गुलाबरावच्या बागेतले होते." गुलाबराव म्हणजे आमच्या शेताच्या पलीकडचे. "देठाजवळ मान असते त्याच्या फळाले. ते डोळे मीच भरले होते, तू पोट्टा होता तवा. त्याचा माल कळमन्यालेच जाते."

म्हणजे गावातली संत्री कळमन्याला जात होती आणि मी ती थैलीत घालून गावात परत नेत होतो. बाबांच्याच हातची. मला हसावं की मान खाली घालावी कळेना.

"तसं पाह्यलं तं तू लबाडी नाही केली," बाबा म्हणाले. "झाड माह्यंच होतं. अंगन तेवढं दुसऱ्याचं."

"मंग बोलले काहून नाही इतके साल?"

बाबा नाल्याकडे बघत म्हणाले, "थैली घेऊन दर साली येत होता तू. बोललो असतो तं थैली बंद झाली असती. आन् तू बी."

तेव्हा मी सगळंच सांगितलं. अर्ज कधी केला नाही हे. झाड आवडत नव्हतं हे. ते मला रोज परत बोलवायचं आणि म्हणून मी त्याची फूट मोडली नाही, हेही. इतकं सलग मी बाबांशी कधी बोललो नव्हतो.

त्यांनी ऐकून घेतलं. मग चप्पल घालता घालता म्हणाले, "परत बोलवाले देल्लं होतं म्हनतो? येड्या, तुले वापस यायचंच नोतं, हे मले स्टँडवरच समजलं होतं. म्हनून तं कलम देल्लं. वापस येनाऱ्याले कोन झाड देते गा?"

एवढं बोलून ते स्कूटरकडे चालायला लागले. मीही मागोमाग निघालो.

घरी आल्यावर ते थेट मागे गेले. झाड छपराच्या वर गेलेलं, काट्यांनी भरलेलं, खरबरीत पिवळ्या फळांनी लगडलेलं. मला वाटलं, आता चिडतील. बाबांनी खोडावर चापट मारली. "खुंट काय जोरात आहे गा!" एक फळ चाकूनं आडवं कापलं, नखानं बिया मोजल्या आणि तोंड असं उजळलं की मी तसं त्यांना माझ्या निकालाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. मग एकेक करून रिकामी थैली भरायला लागले.

वैशाली दारातून म्हणाली, "बाबा, आंबट ढाण आहेत हो ती. काय करणार नेऊन?"

"खाले नाही नेत वं पोरी. पेराले नेतो. असं बी पैदा करनारं निरोगी झाड आजकाल शोधून सापडत नाही. आन् तुह्या नवऱ्यानं फुकटात वाढवून ठेवलं." मग माझ्याकडे बघून, "न मोडता."

तेव्हापासून डिसेंबरात मी थैली नेतो, ती जंभेरीची. चौकातला ठेलेवाला अजून हाक मारतो, "सर, यंदा संत्री नाही का?" मी सांगतो, "नाही, आता घरची आहेत." आणि हे सांगताना पहिल्यांदाच खोटं बोलत नसतो.

वैशाली निवृत्त झाली की क्वार्टर सोडावं लागेल. नंतर कुठे राहू ते ठरलेलं नाही. झाड तिथेच राहील, मोहा आणि त्यातले पिंगळेही राहतील. पूर्वी हा विचार आला की मी विषय बदलायचो. आता बदलत नाही. पहाटे उतारावरून चालताना सागाची वाळकी पानं पायाखाली कुरकुरतात आणि मला नर्सरीतल्या वाफ्यांवर अंथरलेलं गवत आठवतं. दोन्ही जागा एकाच वेळी जवळ वाटतात. मागचं दार आम्ही आता उघडंच ठेवतो.

गेल्या महिन्यात गावी होतो. पहिल्या थैलीतल्या बियांची रोपं आता डोळा भरून विक्रीला आली आहेत. मी वाफ्यात उकिडवा बसून रोपांची डोळ्याखालची फूट मोडत होतो. शेजारच्या गावचा एक शेतकरी कलमं बघायला आला. एक उपटून मुळं बघितली, वाकवून पाहिलं आणि विचारलं, "बाबाजी, खुंट चांगला दिसते. कुठचा आहे?"

बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "नागपूरचा. पोराच्या घरचा."

मी हातातली फूट मोडली. मग मी पुढचं रोप जवळ ओढलं.